वर बघणाऱ्या खेळाडूचा हर्रास

सुरुवातीलाच माफी मागते. एखाद्या माणसावर लिहायचं म्हणजे त्याला पुरतं ओळखलेलं असावं लागतं, आणि मी बाप्पांना ओळखलं ते एका उन्हाळ्यापुरतं. शिवाय आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माणसाचं चित्र शब्दांनी कसं काढतात हे मला कुणी दाखवलेलं नाही. आमच्या मराठीच्या बाईंना मी तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुला आठवतं तसं लिही." म्हणून लिहिते आहे. कुठं चुकलं तर ती चूक माझी, बाप्पांची नाही.

बाप्पा आष्टीच्या अडत बाजारात हर्रास पुकारायचे. आमच्याकडे लिलावाला हर्रास म्हणतात. शेतकऱ्यानं पोती उलटी केली, तुरीचा ढीग पडला की व्यापारी भोवती जमायचे आणि बाप्पा मधोमध उभे राहून बोली वर चढवत न्यायचे. मी त्यांना पाहिलं तोवर ते काम सुटून बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या तोंडातून ते गेलं नव्हतं. घरी चहा हवा असला की ते ओट्यावरून आवाज द्यायचे, "चहा एक वार! चहा दोन वार!" तेवढ्यात काकू, म्हणजे त्यांची बायको, कप घेऊन बाहेर आल्या तर ठीक. नाही आल्या तर बाप्पा "तीन वार" म्हणून उठायचे आणि त्या वेळचा चहा सोडून द्यायचे. रुसवा नाही, राग नाही. माल गेला, एवढंच. काकू म्हणायच्या, "अंतरपाटापाशीबी ह्यांनी तीन वार म्हणलं आसतं. भटजीनं डोळे वटारले म्हणून गप बसले."

त्यांना एका गोष्टीचा मनापासून तिटकारा होता. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात ना, त्याचा. उघड्यावर बोलायचं, चारचौघांनी ऐकायचं, हा त्यांचा धर्म. त्यांच्याशी बोलताना कुणी नुसता खिशात हात घातला तरी ते मधेच तोडायचे, "हात भाईर!" एकदा बँकेतल्या साहेबाला त्यांनी असं म्हटलं आणि साहेबानं दोन्ही हात टेबलावर ठेवले, असं आमचे दादा सांगतात. दादा म्हणजे माझे वडील.

आता त्यांच्या खुळाकडे येते. पूर्वी च्युइंगमच्या पुडीत क्रिकेटच्या खेळाडूचं चित्र यायचं. जाडसर कागद, तळहातापेक्षा लहान, पुढं रंगीत खेळाडू आणि मागं नंबर. ती चित्रं पहिल्यांदा बाजारात आली तेव्हापासून बाप्पा ती जमवत होते. स्वतः त्यांनी कधी गम तोंडात घातला नाही. पुड्या विकत घ्यायचे, चित्र ठेवायचे आणि गम हमालांना वाटायचे. काही वर्षं म्हणे आष्टीचा सगळा अडत बाजार दिवसभर रवंथ करत होता.

गंमत म्हणजे बाप्पांना क्रिकेट कळत नव्हतं. खेळाडूंची नावंही ते घेत नसत. चित्रात माणूस जसा उभा असेल तसं त्याचं नाव. वाकलेला, पळता, बसका, दात काढणारा, ढुंगण झाडणारा. त्या चित्रांचे ते घरच्या ओट्यावर हर्रास लावायचे. लोक आपापली जास्तीची चित्रं, जुने शिक्के, काडेपेट्यांचे छाप घेऊन यायचे. पुढं पुढं नगरहून, जामखेडहून नाद असलेली माणसं एसटीनं यायला लागली.

ह्या हर्रासाचा एक नियम बाप्पांनी स्वतःला घालून घेतला होता. पुकारणाऱ्यानं बोली लावायची नाही. "ज्याच्या तोंडात तीन वार हाय, त्यानं माल मागायचा न्हाई. मंग इमान कुठं ऱ्हातंय?" आणि हाच नियम त्यांना नडला. त्यांच्या संचात एकच चित्र कमी होतं. तो खेळाडू उंच उडालेल्या चेंडूखाली उभा आहे, दोन्ही हातांची ओंजळ पुढं, मान मागं टाकून आभाळाकडे बघतोय. वर बघणारा. फार पूर्वी तो त्यांच्याच ओट्यावर हर्रासाला आला होता. बाप्पा पुकारत होते. आपल्याला हवा आहे हे ओठावर येऊनही त्यांनी गिळलं, आणि बाजाराला आलेल्या कुणा अनोळखी शेतकऱ्यानं आपल्या पोरासाठी तो घेतला. "माझ्याच तोंडानं तीन वार म्हणलो अन् घालवला," हे वाक्य बाप्पा जेवताना, दाढी करताना, कधीही म्हणायचे. तो चेहरा त्यांना पुन्हा दिसला नाही, ना माणसाचा, ना चित्राचा.

मग दुष्काळ पडला. तळी आटली, कडबा संपला, आणि दूध संस्थेनं आपल्या मोकळ्या माळावर चारा छावणी उघडली. आम्ही दोन गाई आणि एक बैल घेऊन तिथं मुक्कामाला गेलो. माझी आई ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली होती, म्हणून सुट्टीत दादांच्या सोबतीला मी. बाप्पाही आले. अडत बाजारात विकायला दाणा नव्हता, म्हणून ओट्यावर यायला माणूस नव्हतं. सगळी माणसं छावणीत होती, तर बाप्पांनी वळकटी उचलली आणि छावणी गाठली. जनावर नसताना छावणीत राहायला आलेला तो एकच माणूस.

दादांनी विचारलं, "बाप्पा, तुमी कावून आलाव?"

"गिऱ्हाईक हितं हाय."

"आन् जनावर?"

"मीच की."

पहिल्याच रविवारी त्यांनी लिंबाखाली हर्रास लावला. पैसे कुणाकडेच नव्हते आणि त्या दिवसांत कुणी गरजेपोटी वस्तू विकावी हे बाप्पांना पसंत नव्हतं. म्हणून त्यांनी नवी रीत काढली. बोली कामाची. घुंगरमाळ हवी, तर तिच्या मालकाच्या जनावरांना पाणी दाखवायचं. जुना कंदील हवा, तर कडबा बारीक कापून कुट्टी करून द्यायची. "चार दिवस पाणी!" "पाच दिवस पाणी, वर रातची राखण!" अशा बोल्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या. दिवसभर सावलीत बसून आभाळाला शिव्या देणारी माणसं रविवारची वाट बघायला लागली.

संस्थेच्या सेक्रेटरींना कुणीतरी सांगितलं की छावणीत जुगार चालतो. ते तावातावानं आले. त्या वेळी एक जुना रेडिओ हर्रासाला होता. सेक्रेटरी आले, उभे राहिले, थोडं ऐकलं, रेडिओ हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला आणि एकदम म्हणाले, "आठ दिवस कुट्टी!" बाप्पांनी पापणी न हलवता पुकारलं, "आठ दिवस कुट्टी एक वार." पुढच्या सोमवारी इस्त्रीच्या पँटीवर गोणपाट गुंडाळून सेक्रेटरी साहेब कुट्टी करत होते आणि गाई त्यांच्याकडे बघत होत्या. जुगाराची तक्रार तिथंच संपली.

मी मात्र ह्या सगळ्यात कधी तोंड उघडलं नाही. मागं उभी राहून बघायची. कॉलेजातही तसंच. तोंडी परीक्षेत उत्तर माहीत असलं तरी आवाज घशातच राहतो. बाप्पा मला 'कॉलेज' म्हणायचे. "ए कॉलेज, बोली लाव की. का जिभंला भाडं पडतंय?" मी हसून मान खाली घालायची.

आमच्या दावणीशेजारी एक म्हातारी दोन बैल घेऊन होती. सगळे तिला मावशी म्हणत. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला बांधकामावर. पडल्यामुळे तिचा उजवा खांदा निकामी झाला होता. छावणीची शिस्त अशी की आपल्या दावणीतलं शेण रोज आपण उचलायचं, नाहीतर चाऱ्याची पावती बंद. मावशी डाव्या हातानं घमेलं ओढत न्यायची. मी आणि दादा जमेल तेव्हा उचलायचो, ती नको म्हणायची. फुकटचं तिला चालत नसे.

एका शनिवारी मी तिच्या पालात पाणी द्यायला गेले. तिनं पत्र्याच्या पेटीवर देव मांडले होते. खंडोबा, देवी, आणि मधोमध, हळदीकुंकवानं माखलेलं, एक लहानसं चित्र. पांढऱ्या कपड्यातला दाढीवाला माणूस. ओंजळ पुढं. मान मागं. आभाळाकडे बघतोय.

मी कळशी खाली ठेवली आणि वाकून पाहिलं.

"मावशी, हा कोण?"

"नाव न्हाई ठावं. आमच्या मालकानं आष्टीच्या बाजारात घेतलाता, पोराला. कुणी वरडणारा माणूस व्हता म्हणं, त्याच्याकडं. मालक म्हणले, बघ, कसा वर बघतोय, पाऊस मागतोय. त्या साली लई पिकलं. तवापून देवात हाय."

मी भीत भीत म्हणाले, "मावशी, हा खेळाडू आहे. क्रिकेटचा. वरून चेंडू येतोय, तो झेलतोय."

ती हसली. "आसंल की. वरूनच मागतोय न्हवं काही तरी?"

मी धावत बाप्पांकडे गेले. त्या पालाच्या तोंडाशी बाप्पा नुसते उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही, हात लावला नाही. मावशीनं त्यांना ओळखलं नाही, आणि त्यांनीही 'वरडणारा माणूस मीच' असं सांगितलं नाही. संध्याकाळी मावशी स्वतःच म्हणाली, "उद्या ह्याचा हर्रास लावा. मला शेण उचलणारं माणूस मिळंल. ह्याचीबी वर बघून बघून मान आवघडली आसंल. उतरू दे आता खाली."

मी बाप्पांना विचारलं, "आता?"

बाप्पांचा चेहरा उतरला होता. मावशी स्वतः हर्रासाला लावतेय म्हटल्यावर मागच्या दारानं मागणं म्हणजे रुमालाखालची बोटं. आणि पुकारायला उभं राहायचं तर बोली लावता येत नाही. ते लिंबाच्या पारापर्यंत जाऊन परत आले. मग म्हणाले, "कॉलेज, उद्या तू पुकार."

"मी? बाप्पा, मला नाही जमायचं. दादांना सांगा."

"तुझ्या बापानं माझ्या हर्रासात कंदील घेतलाय. सेक्रेटरीनं रेडू. हितं समद्यांनी बोल्या लावल्यात, समदे माझ्या नाहीतर कुणाच्या तरी बाजूचे. आजवर एक बोली न लावलेलं माणूस हितं एकच हाय. तू. आन् ध्यानात ठेव, मी समोर बसलो की मी बाप्पा न्हाई. गिऱ्हाईक."

रविवारी सकाळीच फोनाफोनी होऊन बातमी नगरपर्यंत गेली होती. चित्रांचा नाद असलेले तिथले एक शेटजी मोटारसायकलवरून आले. त्यांच्याकडे चिमटा होता, प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. चित्र सगळ्यांच्या हातून फिरवायची रीत होती. शेटजींच्या हाती आलं तेव्हा त्यांनी उन्हात धरून पाहिलं. "कुंकवाचा डाग आहे. पण चालंल. ह्यासाठी मी फार हिंडलोय."

"मी बी," समोर मांडी घालून बसलेले बाप्पा म्हणाले. पांढरे स्वच्छ कपडे, दोन्ही हात गुडघ्यांवर, बाहेर.

मी लिंबाच्या पारावर उभी राहिले. आवाज फुटला तो इतका बारीक की मागून कुणीतरी ओरडलं, "कोन बोलतंय बे, चिमणी का?" सगळे हसले. बाप्पा हसले नाहीत. ते माझ्याकडे गिऱ्हाईकासारखे बघत होते, वाट बघत. मी पुन्हा म्हणाले, "चित्र एक. वर बघणारा. मालक मावशी. बोली शेण उचलायची." ह्या वेळी मागचेही गप्प झाले.

"आठ दिवस," बाप्पा म्हणाले.

शेटजींनी पाकीट काढलं. पैशाची बोली इथं चालत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी पाकीट ठेवलं. "बरं. पंधरा दिवस. उद्यापासून माझा गडी पाठवतो."

गर्दीत कुजबुज झाली. सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागले, दादा जमिनीकडे. गडी चालतो की नाही हे आजवर कुणी ठरवलं नव्हतं, कारण आजवर गडी ठेवणारं कुणी बोलीला बसलंच नव्हतं. मी बाप्पांकडे पाहिलं. त्यांनी मुद्दाम मान फिरवली आणि बैलाच्या शेपटीकडे बघत बसले. तेव्हा कळलं की आता इथं मला विचारायला कुणी नाही.

मी म्हणाले, "ज्याची बोली, त्याचे हात. गडी चालणार नाही."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. माळाच्या त्या टोकाला बांधलेली गाय हंबरली. शेटजी रागावतील असं वाटलं होतं, पण त्या माणसाचाही नाद खरा होता. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. "ठीक आहे. मी येतो. पंधरा दिवस."

"ईस," बाप्पा.

"महिना!"

"बाप्पा, कंबर बघा सोताची!" मागून कुणीतरी ओरडलं. बाप्पांची कंबर खरंच दुखरी होती, उठताना ते गुडघ्यावर हात देत.

"महिना एक वार," मी पुकारलं. "महिना दोन वार."

बाप्पा उभे राहिले. गुडघ्यावर हात न देता. "छावणी उठंपतूर."

आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. छावणी महिन्यानं उठेल की वर्षानं, कुणाला ठाऊक नव्हतं.

"हा काही आकडा झाला का?" शेटजी म्हणाले. "उद्या छावणी उठली तर?"

"तर तुमचं नशीब फुटकं," गर्दीतून उत्तर आलं.

मी मावशीकडे वळले. "मावशी, तुमचा माल. ही बोली चालते का?"

"मला आकडा काय करायचाय? शेण उचललं पायजे," मावशी म्हणाली.

"छावणी उठेपर्यंत एक वार," मी म्हणाले. शेटजी विचारात. "दोन वार." त्यांनी मान हलवली, नाही. "तीन वार!"

जी आरोळी उठली ती संस्थेच्या ऑफिसपर्यंत ऐकू गेली. शेटजींनी एक अट मात्र घातली, आणि मी ती रास्त म्हणून मान्य केली. काम पुरं झाल्यावरच चित्र बाप्पांच्या हाती यायचं. एक दिवस जरी चुकला तरी माल शेटजींचा. जाताना त्यांनी मावशीला चित्र ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी दिली. मावशीनं तिच्यावरही कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवसापासून बाप्पा पहाटे धोतर खोचून मावशीच्या दावणीत. सुरुवातीला बैल त्यांना जवळ येऊ देत नव्हते. धाकट्यानं एकदा शेपटीचा फटकारा तोंडावर मारला तर बाप्पा म्हणाले, "हां, बोली चढीव." घमेलं डोक्यावर घेऊन जाताना पोरं चिडवायची, "बाप्पा, शेण एक वार!" बाप्पा ओरडायचे, "दोन वार!" आणि उकिरड्यावर रिकामं करताना, "तीन वार!" शेटजी दर आठवड्याला सेक्रेटरींना फोन करायचे, "म्हातारा थकला का?" सेक्रेटरी रेडिओ बंद करून सांगायचे, "न्हाई. तुमी जपून ऱ्हावा."

पाऊस लांबला. छावणीची मुदत वाढली, पुन्हा वाढली. बाप्पांना मध्ये ताप आला. काकू घरून आल्या आणि म्हणाल्या, मी उचलते. बाप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "ज्याची बोली त्याचे हात. ह्या पोरीनं कायदा केलाय." आणि फणफणत्या अंगानं ते दावणीत गेले, मागून काकू शिव्या देत, हातात चहाचा कप धरून. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. मी म्हणाले, "बाप्पा, आजच्या दिवस सूट देते." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग कॉलेज सुरू झालं आणि मला अंबाजोगाईला यावं लागलं. दादांचा फोन आला की मी आधी तेच विचारायची. "बाप्पा?" "हाय की. शेण काढतोय." पुढच्या फोनला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. मग बरेच दिवस फोनच लागेना. वर्गात बाई शिकवत असायच्या आणि मी शेटजींच्या मोटारसायकलचा आवाज ऐकत असायची.

शेवटी एका संध्याकाळी वसतिगृहात फोन आला. छावणी उठली, दादा म्हणाले. मावशीचा मुलगा पुण्याहून गाडी जुंपायला आला. बाप्पांनी बैल सोडल्यावरही दावण झाडून काढली, हात धुतले आणि मग मावशीसमोर उभे राहिले. मावशीनं चित्र पेटीतून काढलं, त्याला नमस्कार केला आणि त्यांच्या हातावर ठेवलं. शेटजी स्वतः नगरहून आले होते, बघायला. त्यांनीच पहिल्यांदा टाळी वाजवली.

"संच पुरा झाला दादा! आता बाप्पा काय करतायत?"

"थांब, हितंच हायेत. त्यांनाच इचार."

फोनवर तोच आवाज आला, आधीपेक्षा मोठा. "ए कॉलेज! येत्या रविवारी ओट्यावर हर्रास हाय. बोली लावायला येवढी मजा येती हे मला इतकी वर्सं कुणी सांगितलंच न्हाई! आता मी न्हाई पुकारणार. तू ये. मी समोर बसनार हाय."